झेंडी कुणाच्या हातात द्यायची?

दिवाळी आटोपली की नागपुरात लेआउट-लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतींमध्ये, रविवारी सकाळी शर्यती सुरू होतात. पूर्वी नुसतं पळणं असायचं, आता त्यात सायकलही आली. आधी पळायचं, मग सायकल, मग पुन्हा पळायचं. मागच्या अंकात या शर्यतींमधली वाहतूक आणि सुरक्षा यांबद्दल मी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेते आहे. लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत.

बाई, आमच्या लेआउटच्या मंडळाने जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी शर्यत ठरवली आहे. ५ किलोमीटर धाव, २० किलोमीटर सायकल आणि शेवटी अडीच किलोमीटर धाव. सायकलसाठी ५ किलोमीटरचा फेरा ४ वेळा मारायचा. ६० नावं आली आहेत. सकाळी ६ ला सुरू केलं तर रस्ता तसाही रिकामाच असतो. मग पोलीस परवानगीच्या मागे लागायलाच हवं का? चौकात आमच्याच शाळेतली मुलं झेंड्या घेऊन उभी करू.
— एक आयोजक, त्रिमूर्तीनगर

भाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. चौकात मुलं उभी करू नका.

मी २८ वर्षं शाळेत पीटी शिकवली. आरएसपीचं, म्हणजे मुलांना वाहतुकीचे नियम शिकवणारं पथकही माझ्याकडेच होतं. दरवर्षी मुलांना धरमपेठच्या ट्रॅफिक पार्कमध्ये न्यायचे, हात कसा दाखवायचा, शिट्टी कधी वाजवायची, सगळं त्यांच्याकडून घटवून घ्यायचे. त्यामुळे माझी मुलं कुठल्याही चौकात उभी राहतील असा मला भरवसा होता. एका लेआउटच्या शर्यतीत मार्गाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा एका वळणावरच्या क्रॉसिंगला मी नववीतला एक मुलगा ठेवला. चुणचुणीत पोरगा. हातात लाल झेंडी, गळ्यात शिट्टी.

साडेसातच्या सुमाराला ऐंशीच्या घरातले एक आजोबा दुधाची पिशवी घेऊन त्याच्याजवळ आले. "जाऊ का रे बेटा?" मुलाने वळणाकडे पाहिलं. कुणी दिसत नव्हतं. "जा आजोबा," तो म्हणाला. आजोबा रस्त्याच्या मधोमध पोचले आणि वळणावरून सायकल आली. सायकलवाल्याने ब्रेक दाबला, पण वेळ उरली नव्हती. मी पोचले तेव्हा सिमेंटच्या रस्त्यावर दूध पसरलं होतं आणि आजोबा एका कुशीवर पडले होते. मनगट मोडलं, खुब्याचं ऑपरेशन झालं. तो मुलगा पुढे महिनाभर मैदानावर आला नाही.

चूक त्याची नव्हती. ती माझी होती आणि मी ती त्या दोन्ही घरी जाऊन कबूल केली. मी त्याला शिट्टी वाजवायला शिकवलं होतं. पण आजोबांच्या वयाच्या माणसाला "थांबा" म्हणायचं आणि ते थांबले नाहीत तर पुन्हा ठामपणे म्हणायचं, हे नववीतल्या मुलाला कसं जमणार? मोठ्यांना उलट बोलू नये हेच तर आपण त्याला जन्मापासून सांगत आलो. शिवाय वळणापलीकडचं त्याला दिसतच नव्हतं, आणि तिथे दुसरं माणूस द्यायला हवं होतं हे मला सुचलं नव्हतं.

त्यानंतर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तुम्हीही बसा. रस्ता ९ मीटर रुंद धरा. वय झालेलं माणूस सेकंदाला पाऊण ते एक मीटर चालतं, म्हणजे त्यांना ओलांडायला ९ ते १२ सेकंद लागतात. आपण ११ धरू. ताशी ३० किलोमीटरने येणारा सायकलवाला एका सेकंदात ८ मीटरहून जास्त कापतो. ११ सेकंदांत तो ९० मीटरच्या पुढे येतो. म्हणजे क्रॉसिंगपासून १०० मीटरपर्यंत रस्ता मोकळा दिसत असेल तरच आजोबांना "चला" म्हणायचं. हे १०० मीटर डोळ्यांनी अदमासून चालत नाही. आदल्या दिवशी टेपने मोजा आणि तिथे रस्त्यावर फक्कीची जाड रेघ मारा. सायकल त्या रेघेच्या अलीकडे आली की लोक थांबलेच पाहिजेत.

मी आता प्रत्येक क्रॉसिंगला दोन माणसं देते. एकाला आम्ही 'नजर' म्हणतो. त्याने फक्त सायकली येण्याच्या दिशेला बघायचं, मागे कुणी हाक मारली तरी वळायचं नाही. दुसरा 'थांबा'. तो रस्त्याच्या कडेला लोकांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहतो. वळण असेल तर 'नजर' वळणाच्या पलीकडे, आणि दोघांच्या शिट्ट्यांचे इशारे आधीच ठरलेले. 'थांबा'च्या जागी चाळिशीच्या पुढचं आणि त्याच गल्लीतलं माणूस हवं. ओळखीच्या बाईने "काकाजी, दोन मिनिटं जी" म्हटलं की काकाजी थांबतात. परका पोरगा ओरडला तर "काहून थांबवतो बे?" एवढंच ऐकू येतं. मुलांना पाण्याच्या टेबलावर ठेवा, फेऱ्या मोजायला ठेवा. ती कामं ती आपल्यापेक्षा चोख करतात.

आता परवानगी. ती लागतेच, आणि कागदापुरती नाही. तुमच्या स्वयंसेवकाला गाडी थांबवायचा कायद्याने काहीच अधिकार नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११९ मध्ये चालकाने सिग्नलचं आणि वाहतूक नियंत्रण करणाऱ्या पोलिसाचं ऐकलं पाहिजे असं म्हटलं आहे. त्यात मंडळाचा टी-शर्ट घातलेला माणूस येत नाही. तो विनंती करू शकतो, बस. रस्ता काही वेळ वाहनांना बंद करायचा किंवा वळवायचा तर त्याच कायद्याच्या कलम ११५ खाली आदेश निघावा लागतो. तेव्हा स्थानिक पोलीस ठाणं, शहर वाहतूक शाखा आणि रस्ता ज्यांचा आहे ते (मनपा, नागपूर सुधार प्रन्यास किंवा सार्वजनिक बांधकाम) या सगळ्यांकडे महिनाभर आधी अर्ज करा. अर्जासोबत हाताने काढलेला का होईना नकाशा जोडा. त्यात प्रत्येक चौक, तिथे किती माणसं, आणि तुम्हाला पोलीस नेमके कुठे हवेत हे लिहा. "बंदोबस्त मिळावा" एवढंच लिहिलेला अर्ज आणि "या दोन चौकांत ६.४५ ते ८ एक-एक कर्मचारी मिळावा" असा अर्ज, यातल्या दुसऱ्यावर काम करणं साहेबांनाही सोपं जातं.

'रस्ता रिकामाच असतो' हे माझ्या मते तुम्ही तुमच्या झोपेच्या हिशेबाने लिहिलं आहे. शर्यतीच्या आधीच्या रविवारी त्याच वेळेला फेऱ्यावर पायी जाऊन या. दूधवाले, पेपरवाले, कचऱ्याची गाडी, रात्रपाळी संपवून परतणारे, क्लासला निघालेली मुलं, पहाटेच्या गाडीने उतरून ऑटोतून येणारे पाहुणे, असे सगळे भेटतील. कोपऱ्यावर पोह्याचा ठेला असेल तर तिथे तर्री-पोहे खा आणि ठेलेवाल्याला विचारा की इथून किती वाजता कोण जातं. एवढी अचूक माहिती दुसरीकडे मिळत नाही. एका शर्यतीत ठेलेवाल्या दादांनीच मला सांगितलं होतं की ७.१० ला एक वॉटर टँकर उलटा येतो. बरोबर ७.१० ला तो आला.

आणि ६ वाजता? जानेवारीत नागपुरात सूर्य पावणेसातनंतर उगवतो. ६ ला अंधार असतो, थंडी असते, काही दिवशी धुकंही असतं. पळणं ६.३० ला सुरू करा, म्हणजे पहिला माणूस सायकलवर बसेल तेव्हा उजाडलेलं असेल. तरीही प्रत्येक सायकलला मागे लाल दिवा हवाच.

फेरा घड्याळाच्या उलट दिशेने ठेवा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे सगळी वळणं डावी येतात आणि समोरून येणाऱ्या वाहनांना आडवं जावं लागत नाही. सायकली ठेवायची जागा आणि पळण्याचा मार्ग, दोन्ही फेऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवा. पळणाऱ्याने सायकलचा मार्ग ओलांडायचा प्रसंग एकदाही येता कामा नये. शेवटच्या अडीच किलोमीटरमध्ये पाय जड झालेले असतात, डोकंही नीट चालत नाही. त्या माणसाकडून "दोन्हीकडे बघून ओलांड" ही अपेक्षा करू नका.

राहिली संख्या. ६० जण ४ फेरे म्हणजे प्रत्येक क्रॉसिंगवरून २४० वेळा सायकल जाणार. हे सगळं पन्नास मिनिटांत झालं तर सरासरी साडेबारा सेकंदांना एक. आजोबांना लागतात ११. म्हणजे त्यांना पलीकडे जाताच येणार नाही. सायकलवाले ३० वर आणा, सरासरी अंतर २५ सेकंदांवर जातं. उरलेल्या ३० जणांची नुसती धाव ठेवा. नावं परत करणं जड जाईल, मला माहीत आहे. पण ६० जणांसाठी तुमचा फेरा लहान आहे.

तारखेबद्दल पुढे एका पत्राच्या उत्तरात लिहिलंय. ते वाचा आणि तारीख बदला.

मी स्टाफ नर्स आहे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी माझी सकाळी ७ ची ड्युटी होती. गेटबाहेर आले तर दोरी बांधलेली. कसलीच सूचना नव्हती. "स्पर्धा आहे, थांबा" एवढंच. मी २५ मिनिटं थांबले. माझ्या आधीची सिस्टर रात्रभर उभी होती, तीही माझ्यासाठी अडकली. तुम्ही लोक आरोग्यासाठी पळता ना? मग आमचं काय?
— मानेवाडा

सिस्टर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमची तक्रार पूर्ण रास्त आहे. त्या शर्यतीशी माझा संबंध नव्हता, तरी या क्षेत्रात काम करणारी म्हणून तुमची माफी मागते.

घड्याळाच्या उलट फेरा ठेवा असं मी वर आयोजकांना सांगितलं. पण फेरा म्हटला की त्याच्या पोटात घरं येतात. आतल्या प्रत्येकाला बाहेर पडायचं तर सायकलचा मार्ग ओलांडावाच लागतो. म्हणून दोरी बांधून मोकळं होणं हा बंदोबस्त नव्हे. फेऱ्याच्या आतल्या प्रत्येक घरी आठवडाभर आधी चिठ्ठी गेली पाहिजे: शर्यत किती ते किती, कोणत्या गेटने बाहेर पडता येईल, आणि मार्गप्रमुखाचा मोबाइल नंबर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. ग्रुपवर भाडेकरू नसतात, म्हातारी माणसं नसतात, आणि असले तरी गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यात ते सापडत नाही. चिठ्ठी देताना दार वाजवा आणि विचारा, "रविवारी सकाळी कुणाला कामावर जायचंय का? घरात कुणी आजारी आहे का?" आमच्या शर्यतीच्या आधी आम्ही असे ११० दरवाजे वाजवले. त्यात ४ ड्युटीवाले, एक डायलिसिसचे काका आणि नवव्या महिन्यातली एक लेक निघाली. या सहा घरांचे नंबर मार्गप्रमुखाच्या खिशात होते, आणि डायलिसिसच्या काकांची गाडी आदल्या रात्रीच फेऱ्याबाहेर नेऊन लावली होती.

अॅम्ब्युलन्स आली तर शर्यत थांबते. यात चर्चा नाही. तीन लांब शिट्ट्या झाल्या की प्रत्येक सायकलवाल्याने डावीकडे जाऊन पाय टेकवायचा, ही सूचना सुरुवातीला माइकवरून द्यायची आणि एकदा सगळ्यांकडून करूनही घ्यायची. अॅम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्या वाहनचालकाला कायद्यात १० हजार रुपये दंड आहे. सायकलवर बसलो म्हणून आपण त्या जबाबदारीतून सुटत नाही.

पुढच्या वेळी तुमच्या गेटशी अशी दोरी दिसली तर ११२ ला फोन करा. वाद घालत उभं राहायची तुमच्यावर वेळ येऊ नये.

वय ४२, बँकेत आहे. दोन वर्षांपासून सायकल चालवतो. आमच्या ग्रुपमध्ये दोन वाद आहेत. एक, शर्यतीत लाल सिग्नलला थांबायचं का? थांबलो तर वेळ जातो. दोन, पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवलं तर वारा कमी लागतो. ते चालतं का?
— सोमलवाडा

पोलिसांनी रस्ता बंद केला असेल आणि सिग्नलवर पोलीस स्वतः हाताने वाहतूक सोडत असेल तर त्याच्या हाताप्रमाणे जायचं. रस्ता चालू असेल तर लाल म्हणजे थांबायचं, पहिल्या नंबरवर असाल तरी. सायकलला लायसन्स लागत नाही म्हणून तिला सिग्नलही लागत नाही, असं बरेच जण मला सांगतात. समोरून हिरव्यावर निघालेल्या सिटी बसच्या ड्रायव्हरला तुमच्या छातीवरचा बिब नंबर दिसत नाही. वेळेचं दुःख मला कळतं. त्यावर आयोजकांनी सिग्नलवरचा वेळ मोजून वजा करावा, नाहीतर सिग्नल लागणारच नाही असा फेरा निवडावा. मला दुसरा उपाय जास्त पटतो, कारण पहिल्यात माणूस सिग्नलपर्यंत जीव खाऊन येतो.

चिकटून चालवण्याला शर्यतीच्या भाषेत ड्राफ्टिंग म्हणतात. जागतिक ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, पळणं अशी तिहेरी शर्यत) संघटनेच्या नियमांप्रमाणे, जिथे ड्राफ्टिंगला परवानगी नसते अशा, आपल्या शर्यतींइतक्या कमी अंतराच्या हौशी शर्यतींत दोन सायकलींमध्ये १० मीटर अंतर लागतं. ते पुढच्याच्या पुढच्या चाकापासून मोजतात. पुढे जायचं तर त्या १० मीटरच्या पट्ट्यात शिरल्यापासून २० सेकंदांत ओलांडून निघायचं, नाहीतर पुन्हा मागे पडायचं. आपल्याकडे ओलांडायचं उजवीकडून, आवाज देऊन. "दादा, उजवीकडून!" पुरतं.

हा नियम न्यायासाठी केला आहे हे खरं, तुमचा दम तुमचाच असावा म्हणून. मला मात्र तो दुसऱ्या कारणासाठी आवडतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. पुढच्याच्या समोर कुत्रं आलं आणि त्याने ब्रेक मारला, तर ते दिसून तुमची बोटं ब्रेकपर्यंत जायला साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात तुम्ही ते १० मीटर कापलेले असता. चिकटून चालवत असाल तर तुमच्याकडे तो सेकंद नसतो. आमच्या रस्त्यांवर कुत्री, गतिरोधक, गटाराची झाकणं असं सगळं आहे. व्यावसायिक खेळाडू चिकटून चालवतात ते बंद रस्त्यावर आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने. रविवारी सकाळी ते करू नका.

आणि कानात काही घालू नका. शर्यतीत तो नियमच आहे. सरावातही पाळा.

माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. त्याला लेआउटच्या शर्यतीत भाग घ्यायचा आहे. हेल्मेट घेतलंय, पण ते त्याच्या कपाळावर नीट बसत नाही. पाठवू का?
— एक आई, जरीपटका

पाठवा, पण मुलांचा गट वेगळा, मोटारी पूर्ण बंद असलेल्या मैदानात किंवा आतल्या रस्त्यावर असेल तरच. मोठ्यांबरोबर नको.

हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे. कानाच्या खाली दोन्ही पट्ट्यांचा व्ही आला पाहिजे आणि हनुवटीखाली एकच बोट जाईल इतकी जागा. घालून त्याला मान जोरात हलवायला सांगा. डुगडुगलं तर हेल्मेटच्या मागची चकती फिरवून आवळा, तरी डुगडुगलं तर बदलून आणा. मोठ्या भावाचं, एकदा पडलेलं हेल्मेट असेल तर ते टाकून द्या, वरून चांगलं दिसत असलं तरी. धक्का आतला थर्माकोल एकदाच खातो.

शर्यतीचा एक नियम त्याला घरी शिकवा: सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचं बक्कल लावायचं, आणि शेवटी सायकल स्टँडवर टेकवल्यावरच काढायचं. मोठ्या शर्यतींत यावर दंड होतो. घरी रोज दहा वेळा करून घेतलंत तर शर्यतीच्या घाईतही त्याचा हात आपोआप बक्कलकडे जाईल.

सिमेंट रोडवर गेल्या महिन्यात सायकलवरून पडलो. खड्डा नव्हता, कुणी आडवंही आलं नाही. चाक एकदम अडकलं आणि मी खांद्यावर. असं कसं झालं?
— धरमपेठ

तुमच्या सायकलचा टायर किती मिलिमीटरचा आहे ते बघा. बहुतेक २३ किंवा २५ निघेल. आमच्या सिमेंट रोडच्या दोन पट्ट्यांमध्ये रस्त्याच्या लांबीला एक सांधा असतो. त्यातलं भरण निघून गेलं की फट पडते. एका सकाळी मी खाली बसून अशा फटीत तर्जनी घातली, पहिल्या पेरापर्यंत सहज गेली. बारीक टायर त्यात शिरला की रुळावर चढल्यासारखा होतो. हँडल वळवायला गेलं की सायकल राहते तिथेच आणि माणूस पुढे. सिमेंट आणि कडेच्या गट्टूंच्या (पेव्हर ब्लॉकच्या) मध्येही अशीच पायरी असते, कुठे दोन बोटं, कुठे चार.

फट ओलांडायची तर तिरकं जाऊ नका. वेग कमी करा, शक्य तितकं काटकोनात चाक न्या, बूड सीटवरून किंचित उचला. टायर २८ किंवा ३२ चा चालत असेल तर तो बसवा. वेगातला फरक तुम्हाला-मला कळणारही नाही. शर्यतीच्या मार्गावर अशा जागा असतील तर आयोजकांनी दोन्ही बाजूंना फक्की मारून खुणा कराव्यात आणि वळणावरची वाळू आदल्या संध्याकाळी झाडून घ्यावी. आम्ही चार जणांनी खराट्याने एक वळण झाडलं तेव्हा दोन घमेली वाळू निघाली.

पडलेल्या माणसाबद्दलही सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की लोकांनी तुम्हाला लगेच दोन्ही हातांना धरून उभं केलं. माया असते ती, पण तसं करू नये. आधी मागून येणाऱ्यांना थांबवायचं, पडलेल्याशी बोलायचं, मानेला किंवा पाठीला दुखत असेल तर हलवायचं नाही, हेल्मेट ओढून काढायचं नाही, १०८ लावायचा. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चकरा लागतील ही भीती सोडा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलं आहे.

संक्रांतीच्या आसपास शर्यत ठेवायला हरकत नाही ना? तेव्हा हवा छान असते.
— एका मंडळाचे सचिव, महाल

हरकत आहे. नागपुरात पतंग संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस सुरू होतो आणि नंतरही आठवडाभर चालतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून हा प्रश्न हाती घेतला, तरी तो मांजा येतोच. सुती दोरा तुटतो, हा तुटत नाही. स्कूटरवाल्यांनी पुढे वाकवलेली तार लावलेली तुम्ही पाहिली असेल, ती गळा वाचवण्यासाठीच. सायकलवर माणूस पुढे झुकलेला असतो, मान उघडी. वेग ३० चा असला तर दिसेपर्यंत दोरा गळ्यावर असतो.

त्रिमूर्तीनगरच्या भाऊंनाही हेच सांगायचं होतं. जानेवारीचे पहिले तीन आठवडे सोडा. डिसेंबर घ्या, नाहीतर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. मार्चपासून ऊन तापायला लागतं. पतंगाच्या दिवसांत सराव करणाऱ्यांनी गळ्याला जाड दुपट्टा घट्ट गुंडाळावा, टोकं आत खोचून, आणि वेग निम्म्यावर आणावा. मी स्वतः त्या तीन आठवड्यांत लोकांना सायकल घरीच ठेवायला सांगते.

समृद्धी महामार्गावर पहाटे सराव केला तर? रस्ता एक नंबर आहे.
— वर्धा रोड

नाही. दुचाकी, तीनचाकी आणि पायी चालणाऱ्यांना तिथे मनाईच आहे. मोटारींची वेगमर्यादा १२० आहे, त्यात सायकलची जागा नाही. सेमिनरी हिल्सचा चढ आठवड्यातून दोनदा करा, दम वाढेल.

मी ६६ वर्षांची. गुडघ्यांमुळे पळणं नाही, सायकल तर नाहीच. पण आमच्या गल्लीत फेब्रुवारीत शर्यत आहे आणि सगळे काही ना काही करताहेत. मला घरात बसवत नाही. माझ्याजोगतं काही काम असेल का?
— एक आजी, त्रिमूर्तीनगर

ताई, आहे, आणि मी तुमच्या मंडळाला तुमच्याबद्दल कळवलंही आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जे क्रॉसिंग आहे तिथे 'थांबा' म्हणून तुम्ही. 'नजर' म्हणून दुसरं कुणीतरी तुमच्यासोबत असेल, रस्त्याकडे बघायची काळजी त्यांची. तुम्ही लोकांकडे तोंड करून बसायचं. खुर्ची घरून आणा, कडेच्या गट्टूंवर ठेवा, सिमेंटवर नको. स्वेटर आणि पाण्याची बाटली असू द्या. आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला सगळ्यांचा सराव आहे. तुमचे मिस्टर सायकल घेऊन खोटे खोटे येतील आणि तुम्ही गल्लीतल्या चार-पाच जणांना अडवून दाखवायचं. त्यातल्या एकाला मी मुद्दाम "मला उशीर होतोय" म्हणून पुढे घुसायला सांगणार आहे.